कॉन्फरन्सच्या आधी मित्राकडं राहायचंय? दहा दिवस नको, चार रात्री

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की मे अखेरीस स्ट्रासबर्गला युरोपियन मटेरियल्स रिसर्च सोसायटीच्या स्प्रिंग मीटिंगमध्ये तुझं संशोधनाचं पोस्टर लागलंय, कॉलेजचा मित्र आणि त्याची बायको जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतात, दोघं म्हणतायत की दहा दिवस आधीच ये, आणि तुला कळत नाहीये की व्हिसा फ्रान्सचा काढायचा का जर्मनीचा, मित्राकडनं कुठले कागद मागायचे आणि जाताना काय न्यायचं. मी इथं कोल्हापुरात फिजिक्स शिकवण्यात आणि थिन फिल्मवर पोरांच्या पीएचडी करून घेण्यात तीसेक वर्षं घालवली, स्वतः बऱ्याचदा गेले आणि त्याहून जास्त पोरापोरींना पाठवलं, त्यांचे फॉर्म माझ्या टेबलावर बसून भरून घेतले, त्यामुळं जरा सविस्तरच लिहिते.

आधी उत्तर सांगून टाकते, कारणं मागनं. जा, नक्की जा, असा मित्र आणि असं घर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण दहा दिवस नको. बुधवारी सकाळी फ्रँकफर्टला उतर, बुध, गुरू, शुक्र, शनि अशा चार रात्री मित्राकडं रहा, रविवारी दुपारचं जेवण त्यांच्याबरोबर करून स्ट्रासबर्गची गाडी पकड, आणि तिथनं पुढच्या शनिवारपर्यंत सहा रात्री स्ट्रासबर्गात स्वतःच्या पैशाच्या खोलीत रहा. हा हिशोब मी उगीच केलेला नाही, व्हिसाचा नियम आणि माणसाच्या घराचा नियम दोन्ही याच आकड्यावर येऊन जुळतात.

व्हिसाचं बघ. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट, त्यांचा नियम असा, की एकापेक्षा जास्त देशात जाणार असशील तर जो तुझा मुख्य मुक्काम, त्या देशाकडं अर्ज करायचा, आणि मुख्य मुक्काम ठरतो दिवसांवर किंवा जाण्याच्या कारणावर. दोन्ही देशांचं वजन सारखंच झालं तर मग पहिल्यांदा जिथं शिरणार तो देश. आता तू दहा दिवस स्टुटगार्टला आणि पाच-सहा दिवस स्ट्रासबर्गला राहिलास तर दिवस जर्मनीकडं झुकले आणि कारण फ्रान्सकडं. मग फ्रान्सवाले विचारणार की बाबा तू जास्त दिवस तर जर्मनीत आहेस, आमच्याकडं कशाला आलास, आणि जर्मनीकडं गेलास तर ते विचारणार की तुझं निमंत्रण तर फ्रान्सच्या कॉन्फरन्सचं आहे. असल्या अर्जाला व्हिसा मिळतच नाही असं नाही, पण तुझ्या अर्जात तूच एक प्रश्न ठेवून दिलास आणि तो कुणीतरी अनोळखी माणूस बंद खोलीत बसून तुझ्या माघारी सोडवणार. चार रात्री जर्मनीत आणि सहा फ्रान्समध्ये म्हटलं की दिवसही फ्रान्सचे आणि कारणही फ्रान्सचं, विषय संपला. अर्ज फ्रान्सचा.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, मॅडम व्हिसा फ्रान्सचा आणि विमान फ्रँकफर्टला कसं चालेल. चालतं. पहिल्यांदा त्याच देशात उतरलं पाहिजे असा नियम नाही, फक्त तिथल्या पोलिसानं विचारलं तर एका दमात सांगता आलं पाहिजे आणि हातात कागद पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याला फ्रँकफर्टला विचारलंच होतं, फ्रेंच व्हिसा आहे आणि इथं कसा काय. त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमधनं आधी कॉन्फरन्सचं निमंत्रण काढलं, मग मित्राचं पत्र, मग स्टुटगार्ट ते स्ट्रासबर्ग गाडीचं तिकीट, तिन्ही छापलेली, त्याच क्रमानं लावलेली. तीन मिनिटांत शिक्का मिळाला. त्याच्या शेजारच्या खिडकीवरचा माणूस मोबाईलमध्ये ईमेल शोधत होता, एअरपोर्टचं वायफाय लागत नव्हतं आणि त्याला बाजूला बसवून ठेवलं होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, छापील घ्या, दोन प्रती घ्या, एक केबिन बॅगेत आणि एक चेक-इनमध्ये. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं शिक्क्याच्या जागी कॉम्प्युटरवर नोंद करायची नवी पद्धत सुरू झालीय, चेहऱ्याचा फोटो घेतात आणि आत आल्याची, बाहेर पडल्याची तारीख थेट सिस्टीममध्ये जाते, त्यामुळं रांगेत वेळ जास्त धरून चाल आणि फ्रँकफर्टहून स्टुटगार्टच्या गाडीचं तिकीट उतरल्या उतरल्या दीड तासातलं काढू नको.

एकदा आत शिरलास की जर्मनीतनं फ्रान्सला जाणं म्हणजे नवीन एंट्री धरत नाहीत, सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरता येणारा व्हिसा पुरतो. शनिवारी मित्र गाडी काढून स्वित्झर्लंडला बासेलला नेतो म्हणाला तरी चालतं, ते शेंगेनमध्येच आहे. पण पासपोर्ट घरी ठेवून बाहेर पडू नको, १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय, रेल्वेत, बसमध्ये, कधी कधी ट्राममध्येसुद्धा पोलीस चढतात.

ट्रामवरनं आठवलं. स्ट्रासबर्गहून ऱ्हाइन नदी ओलांडून पलीकडं जर्मनीतल्या केल गावापर्यंत २०१७ पासून ट्राम जाते, आणि कॉन्फरन्सच्या आठवड्यात स्ट्रासबर्गातली हॉटेलं महागली की पोरं केलमध्ये खोली घेतात, कारण तिथं बऱ्याचदा स्वस्त पडतं. सोयीचं आहे, पण मग तुझ्या त्या सहाही रात्री कागदोपत्री जर्मनीत गेल्या, आणि वरचा सगळा हिशोब उलटा झाला. अर्ज फ्रान्सकडं करायचा असेल तर खोली नदीच्या अलीकडंच बघ. दर कमी पाहिजे तर एक गोष्ट कर, युरोपियन पार्लमेंटचं स्ट्रासबर्गातलं सत्र कुठल्या आठवड्यात आहे ते बघून घे. महिन्यातनं साधारण एकदा चार दिवस सगळे खासदार आणि त्यांचा लवाजमा तिथं येतो आणि त्या दिवसांत खोल्यांचे दर कुठल्या कुठं जातात. तुझी तारीख त्याला लागून असेल तर आजच बुक कर, फुकट रद्द करता येईल असं बघून.

आता मित्राचे कागद. मित्र जर्मनीत आहे, तू स्वतःच्या किंवा ग्रँटच्या खर्चानं जातोयस, म्हणजे तुला त्याच्याकडनं फक्त राहण्याचा पुरावा पाहिजे. त्यासाठी एक साधं सही केलेलं पत्र, त्यात त्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, तुझं नाव आणि पासपोर्ट नंबर, तुमची ओळख कुठली आणि किती वर्षांची, आणि कुठल्या तारखेच्या रात्रीपासून कुठल्या तारखेच्या सकाळपर्यंत तू त्याच्या घरी आहेस हे स्पष्ट. सोबत त्याच्या रेसिडन्स कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी आणि पत्ता नोंदवल्याचं तिथल्या नगरपालिकेचं सर्टिफिकेट, जर्मनीत प्रत्येकाला आपला पत्ता नोंदवावाच लागतो त्यामुळं ते त्याच्याकडं असणारच. माझ्या पोरांचं आजवर एवढ्यावर भागलंय. जर्मनीत यजमानानं पाहुण्याच्या सगळ्या खर्चाची कायदेशीर हमी द्यायचा एक वेगळा कागद असतो, परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन, पगाराच्या स्लिपा दाखवून, फी भरून करायचा. इथले काही एजंट सरसकट तो मागवायला सांगतात. तुझा खर्च तू दाखवणार असशील तर तो मागू नको. त्या कागदानं मित्रावर खरोखरचं ओझं येतं, उद्या तुझ्या दवाखान्याचं बिल झालं आणि तू भरलं नाहीस तर सरकार ते त्याच्याकडनं वसूल करू शकतं. नुसतं व्हिसाची फाइल जाड दिसावी म्हणून मित्राला असल्या कागदात अडकवणं मला पटत नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा मित्र फ्रान्समध्येच असेल तर मात्र प्रकार वेगळा आहे, तिथं यजमानाला आपल्या मेअरच्या ऑफिसातनं पाहुण्याला ठेवून घेत असल्याचं सर्टिफिकेट काढावं लागतं, ३० युरोचा स्टँप लागतो आणि मूळ प्रत कुरिअरनं भारतात यावी लागते, म्हणजे महिनाभर आधीपासनं मागं लागायला पाहिजे. नेदरलँड्सचा त्यांचा ठरलेला छापील फॉर्म आहे, त्यावरची सही नगरपालिकेत प्रमाणित करून घेतात. इटलीत तर पाहुणा आला की यजमानानं ४८ तासांत पोलिसांकडं कळवायचं असतं. म्हणून "माझ्या मावसभावाचं नुसत्या ईमेलवर झालं" यावर जाऊ नका, देश कुठला ते बघा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्राचा पत्ता लपवू नको. मला दरवर्षी एखादं तरी पोरगं येऊन सांगतं, की एजंट म्हणाला मित्राबित्राचं कशाला लिहिताय, सगळ्या रात्रींची हॉटेलं दाखवू आणि व्हिसा आला की कॅन्सल करू. हे करायचं नाही. तू काही चोरी करत नाहीयेस, मित्राकडं राहणं हे शेंगेनच्या फॉर्ममध्येच एक अधिकृत उत्तर आहे, त्यासाठी रकाना आहे. खोटं हॉटेल पकडलं गेलं तर नकार येतो, आणि नकाराची नोंद त्यांच्या व्हिसा सिस्टीममध्ये पाच वर्षं राहते, सगळ्या शेंगेन देशांना दिसते. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, जेव्हा तू खरोखर अर्ज करशील तेव्हा ते तुझ्या पुढ्यात येणार. जे आहे ते लिही, रात्र आणि पत्ता असा एक तक्ता करून जोड, दहा रात्री आणि दोन पत्ते, कुठलीच रात्र मोकळी सोडू नको.

बाकीचं तुला माहिती असेल, तरी भराभर सांगते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासनं करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण मेमध्ये निम्मा भारत युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळत नाहीत, त्यामुळं कॉन्फरन्सचा अॅक्सेप्टन्स आला की त्याच आठवड्यात सुरू कर. निर्णयाला १५ दिवस म्हणतात, शंका आली तर ४५ पर्यंत नेऊ शकतात. फी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि तोही बुधवारपासनं, सोमवारपासनं नाही, ही चूक मी दोनदा पकडलीय, पोरं कॉन्फरन्सच्या तारखांचा इन्शुरन्स काढतात आणि मित्राकडचे दिवस उघडे राहतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला पाहिजे, परत यायच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागणार, पुणं २३० किलोमीटर असलं तरी सकाळी दहाची अपॉइंटमेंट असेल तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नको, हायवेला कुठं काय अडकेल सांगता येत नाही, आदल्या रात्री जाऊन रहा.

ग्रँटचं मात्र नीट ऐक. संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, पूर्वीचं एसईआरबी, आता एएनआरएफ झालंय, त्यांची किंवा दुसरी कुठली सरकारी ट्रॅव्हल ग्रँट असेल तर तिकीट इकॉनॉमीचं आणि जवळच्या मार्गाचं लागतं, बऱ्याचदा ठरलेल्या सरकारी एजन्सीकडनंच काढायचं असतं. तू कॉन्फरन्सच्या पाच दिवस आधी जातोयस म्हटल्यावर ते दिवस वैयक्तिक आहेत असं आधीच लेखी कळव, त्या दिवसांचा भत्ता मागू नको, विद्यापीठाच्या एनओसीतसुद्धा तारखा सगळ्या लिहून घे, जाण्याची ते परत हजर होण्याची. एनओसीवर फक्त कॉन्फरन्सचे पाच दिवस आणि व्हिसा अर्जात अकरा दिवस असं दिसलं तर दोन्हीकडं प्रश्न येतो. बोर्डिंग पासचे तुकडे जपून ठेव, परत आल्यावर बिल त्याच्यावरच निघतं.

आता घराचं सांगते, आणि हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. खूप वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा युरोपात गेले तेव्हा एका मैत्रिणीकडं कॉन्फरन्सच्या आधी बारा दिवस राहिले. तिचाच आग्रह होता, आणि मनापासनं होता. घर म्हणजे एक बेडरूम आणि स्वयंपाकघराला जोडून हॉल. तिनं मला बेडरूम दिली, ती दोघं आणि लहान मूल हॉलमध्ये झोपायची. पहिले दोन दिवस तिनं सुट्टी काढली होती, आम्ही खूप बोललो, हॉस्टेलचं सगळं काढून काढून हसलो. पाचव्या दिवशी पहाटे मला जाग आली तर तिचा नवरा अंधारात, लाइट न लावता, डबा भरत होता. बूट हातात घेऊन दाराबाहेर गेला आणि बाहेर जिन्यावर बसून घातले, माझी झोप मोडू नये म्हणून. तो रोजच असं करत होता आणि मला चार दिवस पत्ता नव्हता. मग त्यांचं मूल आजारी पडलं. मी त्या घरात स्लाइड उघडून बसायचे आणि एक ओळ पुढं जायची नाही, कारण आत मूल रडतंय, ती ऑफिसला फोन करून सुट्टी मागतेय, आणि मी कुणाच्याच उपयोगाची नाही. कॉन्फरन्सला पोचले तेव्हा मी थकलेली होते आणि ती माझ्याहून थकलेली होती. मैत्री टिकली, आजही आहे, पण ते बारा दिवस तिच्याकडनं मी घ्यायला नको होते. ती नको म्हणू शकत नव्हती, आपल्याकडं आलेल्या माणसाला कधी जाणार असं कुणी विचारत नाही. म्हणून तो आकडा पाहुण्यानंच ठरवायचा असतो आणि तिकीट काढायच्या आधी सांगायचा असतो.

तुझा मित्र आणि त्याची बायको दोघंही नोकरी करतात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तू त्यांच्या घरात एकटा असणार किंवा ते तुझ्यासाठी सुट्टी टाकणार, आणि तिकडं सुट्ट्या मोजून असतात, त्यातल्या पुष्कळशा ती माणसं कोल्हापूरला यायला साठवून ठेवतात. म्हणून मी बुधवार म्हणाले. बुधवार संध्याकाळ झोपेत जाते, गुरुवार-शुक्रवार ती कामावर आणि तू तुझ्या पोस्टरवर, शनिवार-रविवार खरा एकत्र. मे महिन्यात त्यांच्याकडं गुरुवारच्या किंवा सोमवारच्या धार्मिक सुट्ट्याही येतात, त्या कॅलेंडरात बघ, त्या दिवशी आणि प्रत्येक रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात. किराणा शनिवारीच भरायचा असतो, आणि तो तू भर. पैसे देऊ केलेस तर त्यांना वाईट वाटेल, पण शनिवारी त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन बिलाला कार्ड पुढं केलंस तर कुणाला वाईट वाटत नाही.

घरात वावरायच्या काही गोष्टी आपल्याला माहिती नसतात म्हणून सांगते. तिथल्या बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर पाणी जायला जाळी नसते, आपल्यासारखं बादली घेऊन आंघोळ केली तर पाणी दाराखालनं हॉलमध्ये येतं आणि खाली लाकडी फ्लोअर असतं, त्यामुळं आंघोळ आत, आणि बाहेर पडताना फरशी पुसून. रात्री दहानंतर आवाज नाही, हे खरंच पाळतात, आणि तक्रार झाली तर तुझ्यावर नाही, त्यांच्या नावावर होते. कचऱ्याचे डबे तीन-चार, कशात काय ते पहिल्या दिवशीच विचारून घे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, ती फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये परत द्यायची. आणि घरोघरी छताला धुराचे अलार्म असतात. तू म्हणशील एक दिवस मी तुम्हाला तांबडा-पांढरा करून घालतो, घाल, जरूर घाल, त्यांना त्याच्यासारखं काही नाही, पण मिरच्या भाजायच्या आणि कांदा-खोबरं काळं करायचं काम तिथं करू नको. भाजलेलं वाटण इथनंच कोरडं करून ने, आणि फोडणी खिडकी उघडून, मंद आचेवर.

आता वाटणावर आलोय तर न्यायच्या सामानाचं. माझ्या एका विद्यार्थिनीची बॅग निघायच्या आदल्या दिवशी मी राजारामपुरीत माझ्या घरी डायनिंग टेबलावर उघडायला लावली होती. आईनं दिलेल्या सतरा पुड्या निघाल्या, प्रत्येकीवर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, दोऱ्यानं बांधलेली. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला, खसखस पाव किलो, सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या, घरचं तूप, पेढ्यांचा बॉक्स. आणि तिचं विमान दुबईवरनं होतं. मी आधी खसखस बाहेर काढली. युएईमध्ये खसखस बेकायदा आहे, अमली पदार्थात धरतात, आणि माणसं त्यापायी तुरुंगात गेलीत. नुसतं विमान बदलायला उतरलास तरी तू त्यांच्या कायद्याखाली असतोस. आपल्या पांढऱ्या रश्श्यात खसखस आणि कितीतरी घरच्या मसाल्यांत खसखस, आईला विचारल्याशिवाय कळत नाही. गल्फवरनं जाणार असशील तर खसखस घातलेला मसाला अजिबात नको, सरळ विमानानं मुंबई-फ्रँकफर्ट असेल तरी खसखस तिकडंच घे, जर्मनीत कुठल्याही दुकानात मिळते, ब्रेडवर लावून खातात ती लोकं.

मग खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. सुकं खोबरं तेलकट असतं आणि पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याकडच्या विमान सुरक्षेच्या नियमात ते चेक-इन बॅगेत चालत नाही, स्कॅनरवर दिसलं की बॅग उघडायला बोलावतात. तूप आणि पेढे काढले, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं प्रवाशानं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरचे असोत नाहीतर दुकानातले. मटण लोणचंसुद्धा नाही. तू मेमध्ये जातोयस म्हणजे घरचे म्हणणार हापूस ने की दोन डझन. ताजी फळं सरकारी फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याच्या, सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत, सूट फक्त पाच फळांना आहे, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आंबा नाही, कढीपत्ताही नाही. त्या पोरीचे डोळे भरून आले होते, आईनं रात्रभर बसून बांधलं होतं सगळं. पण शेवटी बॅगेत बरंच राहिलं, खसखस नसलेली कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, शाहूपुरीतनं आणलेला सेंद्रिय गूळ अर्ध्या अर्ध्या किलोचा. चटणीला तेल सुटतं, म्हणून आधी बरणी, मग दोन झिपलॉक, मग जुन्या टॉवेलात, आणि पोस्टरच्या जवळपास नाही.

पोस्टर कापडावर छाप. ए-झिरो म्हणजे ८४ बाय ११९ सेंटिमीटर, कागदाचं म्हटलं की नळकांडं आलं, आणि चार वेळा गाडी बदलायची म्हटल्यावर नळकांडं कुठंतरी राहतंच, माझ्या एका विद्यार्थ्याचं गाडीतल्या वरच्या रॅकवर राहिलं आणि परत मिळालं नाही, रात्रभर जागून तिकडं दुसरं छापून घ्यावं लागलं, खर्च इथल्या कितीतरी पट. कापडाचं घडी घालून केबिन बॅगेत बसतं, शुक्रवारी मित्राच्या घरी पडद्याच्या रॉडला अडकव, सुरकुत्या जातात आणि संध्याकाळी त्या दोघांना उभं करून तीन मिनिटांत समजावून सांग. तो मेकॅनिकलचा आहे म्हणालास, ती तर वेगळ्याच क्षेत्रातली, तिला कळलं तर स्ट्रासबर्गात कुणालाही कळेल. मित्राकडं आधी राहण्याचा कॉन्फरन्सला होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि तो फार कमी पोरं करून घेतात.

झोपेचं फार काही नाही, उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेतीन तासांचा, तीन-चार दिवसांत अंग रुळतं. फक्त मे अखेरीस तिकडं रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळं पहिल्या दिवशी गप्पांत बारा कधी वाजले कळत नाही, तिकडं त्यांना सकाळी ऑफिस असतं हे लक्षात ठेव. रविवारी स्टुटगार्टहून स्ट्रासबर्गची थेट वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, तिकीट आधी काढलं तर स्वस्त, पण जर्मनीतल्या गाड्या आता उशिरा धावतात, म्हणून सोमवारी सकाळी मित्राकडनं थेट कॉन्फरन्सला जाईन हा विचार मनातनं काढून टाक. रविवारी पोच, हॉलपर्यंत एकदा ट्रामनं जाऊन ये, आणि झोप.

भेट काय न्यायची ते तू विचारलंयस, माझं मत कोल्हापुरी चप्पल, दोघांना. युरोपात चामड्याच्या चप्पलेला अडचण नाही, घरात घालायला त्यांना पायात आपलं काहीतरी पाहिजेच असतं. पण तयार घेऊ नको, मापाची शिवून घे. दोघांना सांग, कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा, पेन्सिल उभी धरून, बाजूला स्केल ठेवून वरनं सरळ फोटो काढा आणि पाठवा, आणि अंगठ्याच्या सांध्यावरनं दोरी गुंडाळून ती किती भरते तेही लिहा. ते माप कारागिराकडं मार्चमध्येच दे, लग्नसराईत त्यांना वेळ नसतो. आणली की आठवडाभर रोज आतनं बोटानं थोडं थोडं तेल लाव आणि सावलीत ठेव, म्हणजे पहिल्या दिवशी चावणार नाही, आणि बॅगेत भरताना जुन्या सुती कापडात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी येते.